एका थेंबाची कुळकथा

गोड्या मसाल्यात पडणारं दगडफूल एकाच जातीचं नसतं. त्यातल्या ‘पार्मोट्रेमा टिंक्टोरम’चं वरचं करडं साल खरवडून आतल्या पांढऱ्या थरावर ब्लीचिंग पावडरच्या निवळीचा थेंब टाकला, की क्षणात लाल डाग उमटतो. वरवर तसंच दिसणारं ‘पार्मोट्रेमा परलाटम’ मात्र ढिम्म राहतं. दगडफुलांचा, म्हणजे लायकेनचा, अभ्यास करणारे जगभर आजही हा थेंब टाकूनच जात ओळखायला लागतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही ही पद्धत नवी नाही.

तिचा कर्ता विल्यम न्यूलँडर. जन्म 1822, फिनलंडमधल्या औलू गावचा. शिकला वैद्यक, आधी नाद मुंग्यांचा. युरोपातल्या काही मुंग्यांच्या जातींना अजून त्याचंच नाव चिकटलेलं आहे. 1857 मध्ये हेलसिंकीत वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झाला, सहा वर्षांत राजीनामा देऊन पॅरिसला गेला आणि तिथलाच झाला. टिंक्टोरमचं वर्णनही त्यानेच 1872 मध्ये प्रसिद्ध केलं.

थेंबाची मूळ कल्पना रंगाऱ्यांच्या धंद्यातली. काही लायकेन शिळ्या मुतात कुजवून जांभळा रंग काढत. कुठल्या मालात रंग किती, हे ताडायला स्टेनहाउस या रसायनज्ञाने ब्लीचिंग पावडर वापरून पाहिली होती. न्यूलँडरने तीच युक्ती जात ओळखायला लावली, जोडीला पोटॅश घेतलं आणि 1866 मध्ये दोन्ही कसोट्या छापून टाकल्या. टिंक्टोरममधलं लेकॅनोरिक आम्ल ब्लीचने लाल होतं. नॉरस्टिक्टिक आम्ल असेल तर पोटॅशने आधी पिवळं, मग रक्तासारखं लाल.

बऱ्याच समकालीनांना हे पटलं नाही. वनस्पती डोळ्यांनी ओळखायची, बाटलीने नव्हे, असा त्यांचा सूर. त्यांचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही: नुसता रंग बदलला म्हणून न्यूलँडरने वेगळ्या केलेल्या काही जाती पुढे पुन्हा एकत्र कराव्या लागल्या.

त्याच 1866 मध्ये त्याने आणखी एक गोष्ट टिपली. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत लायकेन भरघोस आणि शहरात इतरत्र जवळजवळ नाहीत. म्हणजे त्यांच्यावरून हवेची शुद्धता जोखता येते. तीस वर्षांनी त्या बागेतूनही ती नाहीशी झाल्याचं त्यालाच लिहावं लागलं.

इतकी बारीक नजर असलेला हा माणूस एका बाबतीत मात्र हटून बसला. लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार, असं श्वेंडेनर या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1867 मध्ये मांडलं. न्यूलँडरने ते 1899 मध्ये मरेपर्यंत मानलं नाही. ज्या आम्लांवर त्याची कसोटी उभी होती, ती बनवते त्या जोडीतली बुरशीच!

1930 च्या दशकात जपानच्या यासुहिको आसाहिनांनी तिसरं रसायन जोडलं, पॅराफिनिलीनडायअमीन. ते विषारी असल्याने जपूनच वापरावं लागतं. पुढे पातळ थरावर आम्लं वेगळी करून नेमकी ओळखायची पद्धत आली. तरी रानात खिशातल्या बाटल्याच कामाला येतात. फक्त ब्लीच ताजं हवं. शिळ्या निवळीने लाल होणारं लायकेनही पांढरंच राहतं आणि जात चुकते. म्हणून जाणते लोक आधी ओळखीच्या तुकड्यावर एक थेंब टाकून बाटलीचीच परीक्षा घेतात.