ओळींच्या पत्त्यांची यादी

डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत सी ही भाषा रचली ती यंत्राचा अंतर्गत कारभार चालविण्यासाठी. शास्त्रज्ञांची आकडेमोड त्या काळी फोर्ट्रानच्या अखत्यारीत होती, आणि तेथे उपकार्यक्रमाच्या हवाली सारणी करताना ओळी किती व स्तंभ किती हेही सोबत कळविता येत असे. सीमध्ये मात्र ॲरे, म्हणजे सारणी, फंक्शनच्या उंबरठ्यावर पोहोचताच तिचा केवळ पहिल्या घराचा पत्ता उरतो आणि स्तंभांची संख्या कंपाइल होण्यापूर्वीच मुक्रर असावी लागे. तेव्हा कार्यक्रम चालू लागल्यावरच ज्याला आपल्या सारणीचे आकारमान समजणार, त्या गणित्याची पंचाईत ठरलेली.

त्या पंचाईतीतून एक शिरस्ता निघाला: प्रथम मॅलॉक या स्मृती देणाऱ्या फंक्शनकडून ओळींच्या पत्त्यांची यादी मागून घ्यावी, मग यादीतील प्रत्येक पत्त्यापाशी एकेक ओळ. प्रेस, ट्युकोल्स्की, व्हेटरलिंग आणि फ्लॅनरी यांच्या ‘न्यूमरिकल रेसिपीज इन सी’ या 1988 च्या ग्रंथाने डीमॅट्रिक्स नावाचे फंक्शन देऊन या वहिवाटीस जणू सनदच बहाल केली. जागा परत करताना क्रम उलटा, ओळी आधी आणि यादी शेवटी. कारण यादीच प्रथम सोडून दिली तर ओळींचा ठावठिकाणा सांगणारे कोणी उरत नाही व ती स्मृती बेवारस पडते. एकपासून मोजण्याची फोर्ट्रानी सवय जपण्यासाठी याच ग्रंथाने पत्त्यातून एक वजा करून ठेवण्याची युक्ती योजिली होती. 1989 च्या प्रमाण सीला ती मंजूर नाही, पण यंत्रांनी हरकत घेतली नाही म्हणून ती खपून गेली.

सारणी शून्याने पुसण्याचे प्रकरण याहून दगलबाज. मॅलॉकने दिलेल्या जागेत मागच्या वापराचा गाळ असू शकतो; तिचे भावंड कॅलॉक ती धुऊन देते. परंतु यादीच्या पद्धतीने घेतलेल्या सारणीवर कोणी मेमसेट हे जागा पुसणारे फंक्शन चालविले आणि लांबी साइझऑफ या माप सांगणाऱ्या क्रियेला विचारली, तर उत्तर येते ते पॉइंटरच्या, म्हणजे एका पत्त्याच्या, आकाराचे, आजच्या बहुतेक यंत्रांवर आठ बाइट. मग एकही आकडा पुसला जात नाही, पुसला जातो तो पहिल्या ओळीचा पत्ता. आणि तक्रारीचा चकार शब्द न निघता कार्यक्रम पुढे चालत राहतो, त्या ओळीला हात लागून कोसळेपर्यंत.

फंक्शनला सारणीसोबत तिची मापे देण्याची सोय सीला 1999 च्या प्रमाणाने दिली, ती 2011 च्या प्रमाणाने ऐच्छिक करून टाकली. जुन्या गणिती कार्यक्रमांतली डीमॅट्रिक्स मात्र निश्चिंतपणे नांदते आहे.