आपत्ति-नकाशालेखन, स्वयंसेवी

भूकंप, महापूर इ. आपत्तींच्या वेळी उपग्रहप्रतिमांवरून आपद्‌ग्रस्त प्रदेशातील रस्ते, घरे व नदीनाले यांचे नकाशे इंटरनेटद्वारे सामुदायिक रीत्या तयार करून मदतपथकांना पुरविण्याचे विनावेतन कार्य. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा, कोणासही भर घालता येईल असा जगाचा मुक्त नकाशा या कार्याचा पाया होय.

हैतीतील भूकंपात (१२ जानेवारी २०१०) या पद्धतीची पहिली मोठी कसोटी लागली. पोर्त-ओ-प्रँस या राजधानीचा पुरेसा तपशीलवार नकाशा उपलब्ध नव्हता. देशोदेशींच्या शेकडो स्वयंसेवकांनी घरबसल्या तो अल्पावधीत तयार केला. त्याच वर्षी ‘ह्यूमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम’ ही संस्था स्थापन झाली. प्रदेशाचे लहान चौकोन पाडून एकेक चौकोन एकेकाने रेखाटावयाचा व दुसऱ्याने तो तपासावयाचा, अशी कामाची वाटणी पुढे रूढ झाली. नेपाळमधील भूकंपात (२५ एप्रिल २०१५) ‘काठमांडू लिव्हिंग लॅब्ज’ या स्थानिक गटाने आधीच केलेले काम विशेष उपयोगी पडले.

किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी (३० सप्टेंबर १९९३) असे साधन नव्हते. भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवाच १९९५ मध्ये सुरू झाली. पहाटे ३·५६ वाजता दगडमातीच्या जाड भिंती व माळवदे कोसळून लातूर व उस्मानाबाद (सध्याचे धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच दगावली. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्यापूर्वीच्या नकाशांवर ती अर्थातच जुन्या ठिकाणी दिसतात.

मात्र आकाशातून मिळणाऱ्या माहितीलाही मर्यादा आहेत. किल्लारीच्या परिसराप्रमाणेच मराठवाड्यात मोडणाऱ्या चौसाळ्याच्या (ता. बीड) उदाहरणावरून त्या ध्यानात येतात. सोलापूर–धुळे महामार्गावरील हे गाव प्रतिमेत सहज ओळखता येते. अशा गावांभोवतीच्या शेतवस्त्या व तांडे यांचे तसे नाही. पत्र्याचे छप्पर चकाकते, पण मातीचे माळवद भोवतालच्या जमिनीच्या रंगात मिसळून जाते. वस्तीचे नाव तर प्रतिमेत नसतेच. आणि मदत मागणारा मनुष्य नावच सांगतो, अक्षांश-रेखांश नव्हे. महसुली गावनकाशात शेतांच्या हद्दी असतात, घरे नसतात. २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होते, तीही प्रामुख्याने गावठाणाची.

याहून अवघड प्रश्न ऋतूंचा आहे. बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. छपरांच्या संख्येवरून लोकसंख्येचा अंदाज बांधल्यास हंगामात गावाकडची कुलुपबंद घरे भरलेली धरली जातात, आणि साखर कारखान्यांच्या परिसरातील कोपी, मोसमी असल्याने, जुन्या प्रतिमेत आढळतही नाहीत. कोणते कोयते कोठे गेले, हे मुकादमास व घरी राहिलेल्या वृद्धांस ठाऊक असते. म्हणून रेखाटन दूरवरच्या स्वयंसेवकाने केले, तरी नावे व वस्तीचे महिने ही माहिती गावातूनच भरून घ्यावी लागते. आणि ते काम आपत्तीपूर्वीच करावे लागते.