पत्ता कोणाच्या मालकीचा? उलवे, ८ ऑक्टोबर २०२५ आणि ई-मेलचे स्थलांतर

#थ्रेड

८ ऑक्टोबर २०२५. उलव्यालगतच्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे त्या दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्याच दिवशी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी एक्सवरून जाहीर केले, की आपण झोहो मेल वापरू लागलो असून बदललेल्या पत्त्याची नोंद घ्यावी. विमानतळाच्या बातमीपुढे ही घोषणा किरकोळ वाटेल. पण तिच्यामागे तीस वर्षांचा इतिहास आहे.

त्याच सुमारास केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या टपालपेट्याही राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या यंत्रणेवरून चेन्नईच्या झोहो कंपनीकडे गेल्याचे प्रसिद्ध झाले. मात्र त्यांच्यापैकी कोणालाही नवा पत्ता कळवावा लागला नाही. मंत्र्याला दवंडी पिटावी लागते आणि कारकुनाला लागत नाही, असे का?

उत्तरासाठी १९९५ कडे जाऊ. १५ ऑगस्टला विदेश संचार निगम लिमिटेडने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. मुंबईतल्या सुरुवातीच्या ग्राहकांचा पत्ता असा संपे : ‘जीआयएएसबीएम०१.व्हीएसएनएल.नेट.इन’. जीआयएएस हे ‘गेटवे इंटरनेट ॲक्सेस सर्व्हिस’ या सेवेचे लघुरूप, बीएम म्हणजे बॉम्बे आणि शेवटी यंत्राचा क्रमांक. माणसाच्या पत्त्यात शहर आणि यंत्र दोन्ही कोरलेले! (त्याच वर्षी बॉम्बेचे अधिकृतपणे मुंबई झाले, पत्त्यातले बीएम मात्र तसेच राहिले.) कंपनी सोडली की पत्ताही सुटे.

वास्तविक पत्ता आणि यंत्र यांची फारकत करण्याची सोय याआधीच झाली होती. जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी लिहिलेल्या एका तांत्रिक टिपणात तिचे नियम आले. डोमेनचा मालक एका नोंदीद्वारे सांगतो, की माझ्या नावाने येणारे टपाल अमुक यंत्राकडे द्या. उद्या ती नोंद बदलली, की टपाल दुसऱ्या यंत्राकडे जाऊ लागते. पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. सरकारी पत्त्यांच्या शेवटचे ‘गव्ह.इन’ आणि ‘एनआयसी.इन’ सरकारच्याच हाती होते. म्हणून १२ लाख पेट्या हलल्या आणि पत्ते जागेवर राहिले.

सामान्य माणसाच्या वाट्याला ही सोय आली नाही. ४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले. मुंबईत अजित बाळकृष्णन यांच्या रेडिफने फुकट पेटी दिली. १ एप्रिल २००४ ला जीमेल आले ते एक जीबी जागा घेऊन. हॉटमेल तेव्हा दोन एमबी देत असे. लोक झुंडीने हलले. नाव आपले, पण ॲट चिन्हापुढचा भाग कंपनीचा. त्यामुळे प्रत्येक स्थलांतरात ओळखीच्यांना कळवणे आले, आणि ज्यांना कळवायचे राहिले ते तुटले.

मागे राहिलेल्या टपालाचे काय झाले? पुण्याच्या पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसायांना निवडक कागदांचे ४५ खंड काढता आले, कारण रुमाल बांधून का होईना, कागद शिल्लक होते. हॉटमेलची पेटी काही काळ उघडली नाही तर रिकामी केली जाई. १९९० च्या दशकातला मराठी पत्रव्यवहार शोधणाऱ्याला उद्या काय सापडेल, याची मला खरोखर धास्ती वाटते.

मोबाइलबाबत हा प्रश्न कायद्याने सोडवला. २० जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलूनही क्रमांक तोच ठेवता येतो. ई-मेलला असा नियम नाही. शहा यांचा नवा पत्ताही ‘झोहोमेल.इन’ने संपतो, पुन्हा सेवा बदलली तर पुन्हा घोषणा करावी लागेल. स्वतःचे डोमेन घेणाऱ्याची यातून सुटका होते, पण त्याचे वार्षिक शुल्क चुकले की तेही हातचे जाते.

आता पुन्हा उलव्याकडे. विमानतळासाठी टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि दहा गावे हलवली. त्यांत मूळ उलवे गावही होते. त्या गावाचे नाव आज सिडकोच्या ज्या नोडला आहे, तिथे इमारतींत राहणाऱ्या बहुतेकांनी ते गाव कधी पाहिलेले नाही. ‘उलवे’ असे लिहिलेले पत्र आता त्यांच्या दारी पोहोचते.