दप्तराची किल्ली कोणाकडे?
शासनव्यवहार आणि मुक्त आज्ञावली



या स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने संगणकाचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मी बोलणार आहे ते यंत्राविषयी थोडे आणि दप्तराविषयी अधिक. राज्यव्यवहार लेखांतून चालतो. ते लेख पुढच्या पिढीला वाचता येतील की नाही, हा प्रश्न भाषेच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकाचाही आहे.

बडोद्याला तर हा प्रश्न मुळीच परका नाही. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांची उमेदीची वर्षे येथील संस्थानच्या सेवेत गेली. निवृत्तीनंतर त्यांनी पुण्याच्या पेशवे दप्तरातील निवडक कागद 1930 ते 1934 या काळात 45 खंडांत प्रसिद्ध केले. ते कागद बहुतांशी मोडीत होते. पुढे शाळांतून मोडी गेली आणि वाचणारे विरळ झाले. तरीही ते दप्तर मुके झाले नाही. कारण मोडीची किल्ली कोणा एकाच्या मालकीची नव्हती. ज्याला शिकायचे असेल त्याने शिकावे, वाचावे, दुसऱ्यास शिकवावे. त्यासाठी कोणाचा परवाना लागत नसे. आज ज्या दप्तरात आपले जन्ममृत्यूचे दाखले, जमिनीचे उतारे आणि परीक्षांचे निकाल साठत आहेत, त्याच्या बाबतीत असे म्हणता येईल काय?

संगणकाला काम सांगणाऱ्या सूचनांच्या समूहाला आपण आज्ञावली म्हणतो. माणूस ती लिहितो तेव्हा तिची एक मूळ संहिता असते, आणि ती जाणकारास वाचता येते. यंत्रासाठी तिचे रूपांतर झाले की ती माणसाच्या दृष्टीने जवळजवळ अवाचनीय होते. कंपन्या सामान्यतः हे रूपांतरच विकतात. मूळ संहिता आपल्यापाशी ठेवतात. मुक्त आज्ञावली, म्हणजेच ओपन सोर्स, यांत संहिता सर्वांसमोर असते आणि ती अभ्यासण्याची, सुधारण्याची व वाटण्याची मुभा असते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये अशा आज्ञावलींचा ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला. 1991 मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. या दोन प्रवाहांच्या संगमातून एक संपूर्ण संगणकप्रणाली उभी राहिली.

तोवर हा विषय तंत्रज्ञांचा होता. तो राज्यशास्त्राचा झाला, त्याची एक ठळक खूण पेरू देशात सापडते. शासनाने मुक्त आज्ञावलीच वापरावी, असे विधेयक तेथील लोकप्रतिनिधी एडगर व्हिलानुएव्हा यांनी मांडले. मायक्रोसॉफ्टच्या पेरूमधील प्रमुखांनी लेखी आक्षेप घेतले. त्यांना व्हिलानुएव्हा यांनी एप्रिल 2002 मध्ये दिलेले उत्तर जगभर वाचले गेले. त्यांच्या प्रतिपादनाचा आधार तीन तत्त्वांवर होता : सार्वजनिक माहिती नागरिकास मुक्तपणे मिळावी, ती चिरकाल टिकावी, आणि राज्य व नागरिक यांची सुरक्षितता राखली जावी. पैशाच्या बचतीला त्यांनी दुय्यम स्थान दिले होते, हे विशेष. 2005 मध्ये झालेला कायदा मात्र मूळ विधेयकाइतका कडक नव्हता. खरेदीपूर्वी निःपक्षपाती तुलना करावी, एवढ्यावर तो थांबला.

तत्त्व मांडणे वेगळे आणि कारभार चालविणे वेगळे. याचा धडा जर्मनीतील म्युनिक शहराने दिला. महापालिकेच्या सुमारे 14,000 संगणकांवर विंडोजची जी जुनी आवृत्ती होती, तिचे साहाय्य कंपनी थांबविणार होती. म्हणजे महापालिकेची गरज असो वा नसो, नवी खरेदी अटळ होती. महापालिकेने लिनक्सचा विचार सुरू केला, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर मार्च 2003 मध्ये स्वित्झर्लंडमधील सुट्टी मध्येच सोडून महापौर क्रिस्तियान ऊडे यांच्या भेटीस आले. किमतीत सवलतही देऊ करण्यात आली. तरीही त्याच वर्षी मे महिन्यात सभागृहाने लिनक्सच्या बाजूने कौल दिला.

काम सोपे नव्हते. प्रत्येक खात्याची व्यवस्था निराळी होती. हजारो नमुनापत्रे नव्याने बसवावी लागली. प्रत्यक्ष स्थलांतर 2006 मध्ये सुरू झाले आणि 2013 मध्ये पुरे झाले. पत्रांच्या नमुन्यांसाठी महापालिकेने स्वतः ‘वोलमुक्स’ नावाची आज्ञावली तयार केली आणि ती इतरांसही खुली केली. एक कोटी युरोहून अधिक बचत झाल्याचे महापालिकेने सांगितले. मायक्रोसॉफ्टच्या बाजूने तो हिशेब खोडून काढण्याचा यत्न झाला.

2014 मध्ये महापौर बदलले. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या. बाहेरच्या कार्यालयांशी कागदांची देवाणघेवाण करताना अडचणी येत होत्या. 2017 मध्ये त्याच सभागृहाने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. आणि 2020 मध्ये नव्या आघाडीने, जनतेच्या पैशातून घडलेली आज्ञावली जनतेस खुली असावी, हे तत्त्व पुन्हा आपल्या करारात घातले.

या येरझारांवरून काही जण प्रयोग फसला असा निष्कर्ष काढतात. मला तो पटत नाही. म्युनिक परत फिरू शकले आणि पुन्हा विचार करू शकले, हे स्वातंत्र्याचेच लक्षण होय. मात्र एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. किल्ली सार्वजनिक असली, तरी ती फिरविणारे हात तयार करावे लागतात. परवान्याचे पैसे वाचले म्हणून प्रशिक्षणाचा, देखभालीचा खर्च चुकत नाही. मोडीची किल्ली सर्वांची होती. तरी मोडी शिकविणे थांबताच दप्तर दुर्बोध झाले, ते याच कारणाने.

आपल्या देशात केरळने हे ओळखले. तेथील ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने शाळांतील संगणकशिक्षण मुक्त आज्ञावलीवर आणले आणि त्यासाठी शिक्षकांना मोठ्या प्रमाणावर तयार केले. केंद्र सरकारने 2010 मध्ये ई-शासनासाठी खुल्या मानकांचे आणि 2015 मध्ये मुक्त आज्ञावलीच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. यांतील पहिले मला अधिक मोलाचे वाटते. आज्ञावली कोणाचीही असो, तिने लिहिलेला कागद कोणत्या रीतीने साठविला आहे, ही रीत जगजाहीर असली पाहिजे. रीत खुली असेल तर उद्या दुसरी आज्ञावली तो कागद उघडू शकेल.

मराठी लिहिणाऱ्यांनी याचा अनुभव घेतलेला आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 मध्ये निघाली व तीत देवनागरी होती; परंतु तिचा वापर रुळेपर्यंत पुष्कळ वर्षे गेली. तोवर प्रत्येक टंकनिर्मात्याचे अक्षरांचे संकेत निराळे असत. एका संगणकावर जुळवलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला, की शुद्ध मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा निरर्थक पसारा दिसे. माझ्याही एका हस्तलिखिताची अशी गत झाली. ग्रंथ पुन्हा जुळवता येतो. जमिनीच्या हक्काचा लेख असा नाहीसा झाला, तर त्या कुटुंबाने कोणाकडे दाद मागावी?

म्हणून आपल्या शाळेपुढे एक विनंती ठेवतो. शाळेचे जनरल रजिस्टर ही अनेक कुटुंबांच्या जन्मतारखेची आणि नावाची शेवटची साक्ष असते. ते संगणकावर चढविताना खुल्या मानकांत आणि युनिकोडमध्येच चढवावे, जुने शाईचे पुस्तकही जपावे, आणि दरवर्षी दोन-चार विद्यार्थ्यांना ही व्यवस्था आतून समजावून द्यावी. त्यांच्यापैकीच कोणी तरी उद्याचा दप्तरदार असेल.