खडकीचा व्हॉल्व्ह आणि केमचा टॉवर

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दौंड लागते आणि बरेच पुढे, कुंकवासाठी प्रसिद्ध असलेले केम. केमचा माणूस आज खिशातल्या मोबाइलवरून लंडनशी बोलतो. जवळपास शंभर वर्षांपूर्वी याच मार्गावरच्या दौंडला विलायतेचे बिनतारी संदेश उतरत होते, हे मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

१९२७ साली मार्कोनी पद्धतीची ‘बीम’ सेवा सुरू झाली. संदेश पाठवणारे केंद्र खडकीला, घेणारे दौंडला. पाठवणाऱ्या यंत्राच्या प्रचंड शक्तीत परदेशातून आलेला क्षीण संदेश बुडू नये, म्हणून ही ताटातूट. दिवसा सुमारे १६ मीटर आणि रात्री सुमारे ३४ मीटर तरंगलांबी वापरली जाई. वातावरणाच्या वरच्या थरांची स्थिती सूर्याबरोबर बदलते, हे त्याचे कारण. शक्ती वाढवणाऱ्या व्हॉल्व्हची जुळणी एका वेळी एकाच तरंगलांबीशी केलेली असे.

त्या काळी एक सोय होती. तारेच्या भाषेत लहर एक तर असते किंवा नसते. त्यामुळे व्हॉल्व्ह चालला की पूर्ण ताकदीने चाले आणि वीज फारशी वाया जात नसे. आवाजाचे तसे नाही. तो क्षणाक्षणाला चढतो, उतरतो. शिखरासाठी राखलेली ताकद एरवी उष्णता होऊन जाते. १९३६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या विल्यम डोहर्टी यांनी तोड काढली : एक व्हॉल्व्ह नेहमीचा भार उचलेल, दुसरा फक्त शिखराला हात देईल. कार्यक्षमता सुमारे ३३ टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या पुढे गेली.

मोबाइलच्या काळात हीच रचना टॉवरवर परतली. व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आले. पण दोन भागांना जोडणारी पाव तरंगलांबीची तार एकाच तरंगलांबीला नेमकी बसते, आणि आजच्या टॉवरला तर रुंद पट्टा एकाच वेळी सांभाळायचा असतो. पट्टा रुंद करावा तर कार्यक्षमता घटते, कार्यक्षमता जपावी तर पट्टा अरुंद होतो. आजचे संशोधन या पेचाभोवतीच फिरते.

हा पेच केवळ प्रयोगशाळेतला नाही. वाया गेलेल्या विजेचे बिल कोणीतरी भरतोच. गिऱ्हाईक थोडे असलेल्या गावात टॉवर परवडतो की नाही, हे त्या बिलावरही ठरते. खडकीच्या यंत्रामागे साम्राज्याची गरज उभी होती. खेड्यातल्या टॉवरला काटकसरीवरच उभे राहावे लागते.