'मोफसिल': तपशिलाकडून परिघाकडे

इंग्रजीत क्वचितच आढळणारे आणि मुख्यत्वे भारतीय उपखंडात टिकून राहिलेले 'मोफसिल' हे विशेषण मूळचे अरबी आहे. 'मुफस्सल' म्हणजे विभागून, सविस्तर मांडलेले. 'तफ्सील', 'फैसला' आणि 'फसल' हे शब्दही त्याच धातूचे. त्यांपैकी 'तफ्सील'चा मराठीत 'तपशील' झाला. दुय्यमत्वाचा भाव या शब्दाच्या मुळात नाही.

तो आला राज्यव्यवस्थेतून. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या योजनेनुसार कलकत्त्यात सदर दिवाणी अदालत आणि जिल्ह्यांत मोफसिल दिवाणी अदालती स्थापन झाल्या. 'सदर' म्हणजे अग्रस्थानीचे. त्याच्या विरोधात 'मोफसिल' म्हणजे अधीन असे समीकरण रूढ झाले. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात 'राजधानीबाहेरचा मुलूख' हा अर्थ स्थिरावलेला दिसतो.

नांदेड आणि लातूर त्या काळी कोणत्याही ब्रिटिश इलाख्यात नव्हते. निजामी राज्यात कारभार फसली सनाने चाले. जहागिऱ्या रद्द करणारा १९४९ चा कायदाही १३५८ फसलीचा म्हणूनच ओळखला जातो. 'फसली' आणि 'मोफसिल' एकाच धातूचे असले, तरी येथील माणसाच्या परिचयाचा होता तो पहिला शब्द. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि हैदराबादऐवजी मुंबई ही राजधानी झाली. इलाखे संपले होते. इलाख्याच्या केंद्रातून पाहण्याची दृष्टी मात्र संपली नव्हती. मुंबई-पुण्याबाहेरच्या लेखनाचा वेगळा, काहीसा सवलतीचा विचार करणाऱ्या समीक्षेत ती पुढेही वावरत राहिली.

नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) यांचे उदाहरण येथे निर्णायक ठरते. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन आणि पुढे प्राचार्यपद सांभाळत त्यांनी 'रूपवेध', 'मनुस्मृती' यांसारखे ग्रंथ लिहिले. त्यांच्या विवेचनाचे बळ पुराव्याच्या तपशिलात आणि युक्तिवादाच्या शिस्तीत आहे. लेखकाच्या गावावरून त्याचे मोजमाप करता येत नाही.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. 'मोफसिल' हे अभिमानाचे बिरुद केल्यानेही मूल्यमापन साधत नाही. लातूरचा आहे एवढ्याने कोणी लेखक अस्सल ठरत नाही, तसा तो दुय्यमही ठरत नाही. हे विशेषण स्थळ सांगते, गुणवत्ता सांगत नाही. समीक्षेला त्याचा उपयोग करायचाच असेल, तर मूळ अर्थाने करावा आणि या लेखनाने आपल्या जगाचा तपशील किती नेमकेपणाने मांडला, हे विचारावे.