टिंबर : जर्मन प्रतिशब्द आणि परळची चाळ

इंग्रजीतल्या ‘टिंबर’ला जर्मनमध्ये एकच एक प्रतिशब्द नाही, लाकूड कुठल्या कामाचे, त्यावर शब्द ठरतो. बांधकामाचे ते बाउहोल्ट्स, करवतून काढलेले ते श्निटहोल्ट्स, जाळायचे ते ब्रेनहोल्ट्स. जळण वगळून इतर कामी येणारे सगळे नुट्सहोल्ट्स. मराठीलाही ही वाटणी ओळखीची आहे: वनखाते आणि वखारवाले दोघेही ‘इमारती’ आणि ‘जळाऊ’ असा भेद करतात. म्हणून मराठी अनुवादकाने आधी ‘इमारती लाकूड’ म्हणावे. बाउहोल्ट्स हाती लागते.

उच्चाराने जवळचा ‘त्सिमर’ मात्र फसवतो. तो ‘टिंबर’चा सख्खा भाऊबंद, पण आज त्याचा अर्थ खोली. मूळ अर्थ उरला तो ‘त्सिमरमान’मध्ये, म्हणजे घराचा सांगाडा उभारणाऱ्या सुतारात. टेबल-कपाट करणारा सुतार जर्मनीत वेगळा, त्याला टिशलर म्हणतात.

परळ-लालबागच्या जुन्या खासगी चाळींत ‘टिंबर’ म्हणजे उभे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या. मधल्या भिंती विटांच्या. अशा बांधणीला जर्मनमध्ये ‘फाखवेर्क’ म्हणतात आणि एकट्या तुळईला ‘बाल्केन’. इथे सरसकट ‘होल्ट्स’ लिहिणे म्हणजे कामचुकारपणा. १९२० च्या दशकातल्या नायगावच्या बीडीडी चाळी काँक्रीटच्या, त्यांना यातला एकही शब्द चालत नाही. लाकडी चाळींवरच्या मंगळुरी कौलांचे मूळही जर्मनच: पहिला कारखाना बाझल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळुरात काढला.

चांगल्या चाळींत बर्मा साग वापरलेला असे. ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवनांची व्यवस्था १८५६ पासून बॉनचे डीट्रिख ब्रांडिस पाहत होते. १८६४ मध्ये ते हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा धंदा याच लाकडाचा. ओंडक्यांच्या हिशेबावरून कंपनीचे थिबा राजाच्या दरबाराशी बिनसले, त्याचे निमित्त करून इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडाले घेतले, आणि राजा रत्नागिरीला आला तो कायमचाच.

दुरुस्तीत आता कुजलेल्या तुळईच्या जागी लोखंडी गर्डर बसतो. चाळ पाडली की निघालेला साग पुन्हा विकला जातो. या जुन्या मालाला जर्मनमध्ये ‘आल्टहोल्ट्स’ म्हणतात.